पाठ नसलेलं पान

रमी असो, मेंढीकोट असो की बदाम सात, पत्त्यांच्या खेळाचा सगळ्यांत मूळचा नियम कुणी कुणाला शिकवत नाही. कॅट विकत घेतला तेव्हाच तो पाळला गेलेला असतो: सगळ्या पानांची पाठ एकसारखी. पानं पिसता येतात, उपडी वाटता येतात, हातात धरून समोरच्यापासून लपवता येतात, ती या पाठीच्या जोरावर. एका पानाचा कोपरा दुमडला आणि ते मागूनही ओळखू येऊ लागलं, की तो कॅट खेळायला निकामी.

आता असं पान घ्या, ज्याला पाठच नाही. दोन्ही बाजूंना चित्र, दोन्ही बाजूंना नाव, दोन्ही बाजूंची ताकद निराळी. ते पिसायचं कसं? लपवायचं कसं? आणि टेबलावर आल्यावर ते एक पान मानायचं की दोन? ट्रेडिंग कार्ड गेम या प्रकारात असली पानं आता रुळली आहेत. त्यांच्यासाठी सगळ्यांत बारकाईनं नियम लिहिले गेले ते ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात, म्हणून आपण तिथेच मुक्काम करू.

मॅजिक १९९३ साली बाजारात आला. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकानं तो रचला आणि अमेरिकेतल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं छापला. यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा डेक स्वतः जमवून आणतो. एकाच डेकमध्ये तीस वर्षांपूर्वी छापलेलं कार्ड आणि गेल्या महिन्यात छापलेलं कार्ड शेजारी शेजारी असू शकतं, म्हणून पाठ सारखी असणं इथे रमीपेक्षाही जास्त मोलाचं. त्या पाठीवर ‘डेकमास्टर’ असा एक शब्द आहे. खेळांच्या एका मालिकेचं ते नाव होतं. ती मालिका कधीच मागे पडली, पण शब्द अजून तिथेच आहे, कारण पाठ बदलली तर जुनं आणि नवं कार्ड एकत्र पिसता येणार नाही.

ही पाठ १८ वर्षं अबाधित होती. ३० सप्टेंबर २०११ रोजी ‘इनिस्ट्राड’ हा संच आला आणि त्यातल्या २० कार्डांना पाठ नव्हती.

इनिस्ट्राड ही भयकथांची दुनिया. तिथे दिवसा माणूस आणि रात्री लांडगा होणारी पात्रं हवी होती, म्हणजे एका कार्डाच्या दोन अवस्था. मॅजिकनं हा प्रयत्न २००४ साली कामिगावा संचात एकदा केला होता. तेव्हा एकाच बाजूचे दोन भाग करून एक सुलटा आणि एक उलटा छापला होता. चित्र अर्धं झालं, मजकूर बारीक झाला. शिवाय मॅजिकमध्ये वापरलेलं कार्ड आडवं करून ठेवतात, त्यामुळे आडव्या पडलेल्या कार्डाचा कुठला भाग चालू आहे हे टेबलापलीकडून कळेना. पाठ वापरली तर पुरं चित्र मिळतं, पुरा मजकूर मिळतो आणि आत्ता कोण समोर आहे हे लांबूनही दिसतं. मार्क रोझवॉटर यांच्या नेतृत्वाखालच्या रचनाकारांना हा मार्ग ‘ड्युएल मास्टर्स’ या जपानी बाजारासाठीच्या खेळात सापडला. तिथे दुहेरी कार्डं २०१० साली आली होती.

पण ड्युएल मास्टर्समध्ये ती कार्डं मुळात डेकमध्ये जातच नाहीत. ती एका वेगळ्या जागी, सगळ्यांना दिसतील अशी ठेवलेली असतात आणि तिथूनच मैदानात येतात. ड्रॅगन बॉल सुपर कार्ड गेममध्ये दुहेरी असतं ते नायकाचं, म्हणजे ‘लीडर’चं कार्ड. डाव सुरू होण्याआधीच ते टेबलावर मांडलेलं असतं आणि जीव कमी झाला की उलटून जास्त बलवान होतं. २०२४ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स: अनलिमिटेड’नंही लीडरच दुहेरी केला. जे पान कधी पिसायचंच नाही, त्याला पाठ नसली तरी कुणाचं बिघडत नाही. मॅजिकनं मात्र दुहेरी कार्ड थेट पिसायच्या गड्डीत घातलं. पुढचे बहुतेक नियम त्या एका निर्णयातून निघाले.

पिसण्याची अडचण हातानंच सोडवली. डेक अपारदर्शक स्लीव्हमध्ये घाला, म्हणजे प्रत्येक कार्डाला पाठीमागून झाकणारी खोळ. नाहीतर बदली कार्ड वापरा. इनिस्ट्राडच्या पाकिटांत एक यादीचं कार्ड निघायचं. त्याची पाठ नेहमीची, पुढच्या बाजूला सगळ्या दुहेरी कार्डांची नावं. हव्या त्या नावासमोर पेननं खूण करायची, ते डेकमध्ये घालायचं आणि खरं कार्ड बाजूला ठेवायचं. डाव खेळताना बदली कार्ड टेबलावर आलं की ते उचलून त्याच्या जागी खरं मांडायचं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाकिटं फिरवत त्यातून एकेक कार्ड निवडायच्या प्रकारात, मात्र गुपित राहत नसे. पाकिटं हातोहात फिरत असताना कुणी कुठलं दुहेरी कार्ड उचललं हे शेजाऱ्यांना दिसायचं, आणि नियमांनी ते तसंच चालू दिलं.

खरा कस लागला तो दुसऱ्या प्रश्नाला: हे कार्ड आत्ता काय आहे?

नियमपुस्तिकेचं उत्तर दोन भागांत आहे. हातात, डेकमध्ये, ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात), म्हणजे टेबलाबाहेर कुठेही, दुहेरी कार्डाला फक्त दर्शनी बाजू असते. मागची बाजू छापलेली असली तरी नियमांच्या लेखी ती तिथे नाही. टेबलावर मात्र जी बाजू वर, तेवढंच ते कार्ड. दोन्ही बाजूंचे गुण एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

हे सरळ वाटतं, पण त्याचे परिणाम लांबवर जातात. २०२० सालच्या ‘झेंडिकार रायझिंग’ संचात अशी दुहेरी कार्डं आली, जी उलटत नाहीत. खेळतानाच ठरवायचं, ही बाजू की ती. ‘शॅटरस्कल स्मॅशिंग’ हे कार्ड एका बाजूनं मंत्र आहे, तर दुसऱ्या बाजूनं लँड. लँड म्हणजे मॅना देणारी जमीन, आणि मॅना हे या खेळातलं चलन. डेकमध्ये लँड कमी पडले तर हातात मंत्र असूनही खेळाडू बसून राहतो, जास्त झाले तर मॅना असून खर्चायला काही नसतं. या कार्डांमुळे ती कोंडी बरीच सुटली. आता वरचा नियम आठवा. डेकमध्ये असताना या कार्डाला फक्त दर्शनी बाजू, म्हणजे डेकमध्ये ते लँड नाही. २००३ साली आलेलं ‘गॉब्लिन चारबेल्चर’ नावाचं एक यंत्र होतं. ते चालवलं की डेकमधली कार्डं वरून एकेक उघडत जायची, लँड निघेपर्यंत. त्याआधी जितकी कार्डं उघडली तितका मार समोरच्याला. नेहमीच्या डेकमध्ये चार-पाच कार्डांत लँड निघतो आणि मार किरकोळ ठरतो. पण आता असा डेक बांधता येऊ लागला ज्यात खरा लँड एकही नाही, सगळे मागच्या बाजूचे. यंत्र अख्खा डेक उघडून टाकतं आणि डाव तिथेच संपतो. ज्यांनी २००३ साली ते यंत्र रचलं त्यांच्या मनात हे असणं शक्यच नव्हतं. दोन वेगवेगळ्या काळांत लिहिलेले दोन स्वच्छ नियम एकमेकांना भेटले आणि तिसरीच गोष्ट जन्माला आली. या खेळावर जीव जडतो तो अशाच जागी.

आता उलटणाऱ्या कार्डांकडे वळू. त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं म्हणजे इनिस्ट्राडमधलं ‘डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स’. किंमत एक निळा मॅना. टेबलावर येतो तो एक दुबळा संशोधक, ताकद १, सहनशक्ती १. तुमच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला, नवं कार्ड ओढण्याआधी, डेकमधलं वरचं कार्ड तुम्ही एकट्यानं पाहायचं. ते इन्स्टंट किंवा सॉर्सरी असेल, म्हणजे एकदा वापरून संपणारा मंत्र असेल, तर हवं असल्यास सगळ्यांना दाखवा आणि डेल्व्हर उलटा करा. मागच्या बाजूला माणूस आणि कीटक यांचं मिश्रण: ताकद ३, सहनशक्ती २, आणि ते उडतं.

पहिल्या टर्नला डेल्व्हर मांडला, दुसऱ्याच्या सुरुवातीला मंत्र निघाला, कार्ड उलटलं. त्याच टर्नला तो कीटक हल्ला करू शकतो का? मॅजिकमध्ये नुकतंच आलेलं क्रीचर, म्हणजे लढणारं पात्र, त्याच टर्नला हल्ला करू शकत नाही. पण कीटक नुकता आलेला नाही. आला होता तो संशोधक, मागच्या टर्नला, आणि कीटक म्हणजे तोच. उलटल्यानं नवी वस्तू तयार होत नाही. म्हणून दुसऱ्याच टर्नला हवेतून ३चा मार बसतो, आणि एका मॅनाच्या कार्डासाठी हे भयंकर आहे. डेल्व्हर गाजला तो एवढ्यासाठी.

‘वस्तू तीच’ हे तत्त्व दोन्ही बाजूंनी कापतं. कार्डावर ठेवलेले काउंटर, म्हणजे मोजणीच्या खुणा, उलटल्यावरही राहतात, चिकटवलेले मंत्र राहतात, आणि त्या टर्नमध्ये झालेली इजाही राहते. सहनशक्ती ३ असलेल्या लांडग्यानं २ इजा सोसली आणि तेवढ्यात तो उलटून सहनशक्ती २चा माणूस झाला, तर माणूस जागीच मरतो. जखम लांडग्याला झाली होती, असा बचाव चालत नाही.

इनिस्ट्राडमध्येच ‘गॅरुक रिलेंटलेस’ होता. तो प्लेन्सवॉकर, म्हणजे ज्याची ताकद निष्ठेच्या काउंटरांनी मोजतात असं पात्र. येताना ३ काउंटर. ते दोनवर किंवा खाली आले की तो उलटून शापग्रस्त गॅरुक होतो. प्लेन्सवॉकरची एकच करामत दर टर्नला वापरता येते. गॅरुकनं एका क्रीचरला मारलं, उलट वार खाऊन त्याचे काउंटर घटले, तो उलटला आणि समोर नव्या करामती आल्या. लगेच त्यातली एक वापरावी? नाही. वस्तू तीच, आणि तिनं या टर्नची संधी वापरलेली आहे.

आता याच्या शेजारी २०१५ सालच्या ‘मॅजिक ओरिजिन्स’मधला जेस ठेवून बघा. दर्शनी बाजूला तरुण विद्यार्थी, साधं क्रीचर. तो एक कार्ड ओढून देतो, एक टाकायला लावतो. त्यानंतर ग्रेव्हयार्डमध्ये पाच किंवा जास्त कार्डं असतील तर त्याचा प्लेन्सवॉकर होतो. पण इथे कार्डावर नुसतं ‘उलटा’ असं लिहिलेलं नाही. जेसला आधी टेबलावरून काढून एक्झाइलमध्ये, म्हणजे डावाबाहेर, टाकायचं आणि लगेच मागची बाजू वर ठेवून परत आणायचं. हा फेरा कशासाठी? प्लेन्सवॉकरला निष्ठेचे काउंटर मिळतात ते टेबलावर येण्याच्या क्षणी. जेस जागच्या जागी उलटला असता तर त्याच्यावर एकही काउंटर नसता, आणि शून्य काउंटरचा प्लेन्सवॉकर तत्काळ ग्रेव्हयार्डमध्ये जातो. म्हणून त्याला बाहेर पाठवून परत आणलं, म्हणजे तो नवी वस्तू म्हणून, पाच काउंटर घेऊन येतो. गॅरुकनं घरातल्या घरात कपडे बदलले. जेस गाव सोडून गेला आणि नव्या नावानं राहायला आला. म्हणून जेसला चिकटलेले मंत्र गळून पडतात, आणि आल्याबरोबर त्याच टर्नमध्ये तो आपली करामत वापरू शकतो.

उलटण्याबद्दल एक छोटी तरतूद आहे, ती मला फार समंजस वाटते. मॅना भरून उलटता येणारं एखादं कार्ड घाईघाईत दोनदा सक्रिय केलं, तर ते एकदा उलटून पुन्हा सुलट व्हायला हवं. नियम तसं होऊ देत नाही. करामत वापरल्यानंतर कार्ड एकदा उलटलं असेल, तर आधीच रांगेत असलेली त्याची स्वतःची दुसरी सूचना वाया जाते.

मागच्या बाजूची किंमत किती धरायची, यावर मात्र खेळाला साडेचार वर्षं चुकीचं उत्तर पुरलं. प्रत्येक कार्डाच्या किमतीवरून त्याची मॅना व्हॅल्यू ठरते, आणि अनेक मंत्र तिच्याकडे बोट दाखवतात. डेल्व्हरच्या मागच्या बाजूवर किंमत छापलेलीच नाही, कारण ती बाजू कुणी विकत घेत नाही, ती घडते. २०११ साली नियम झाला: छापलेली नाही म्हणजे शून्य. तर्क बिनचूक, पण खेळताना विचित्र. त्या काळात ‘रॅचेट बॉम्ब’ खूप वापरात होता. त्यावर जितके काउंटर, तितक्या मॅना व्हॅल्यूची, लँड सोडून, सगळी कार्डं तो उडवतो. नुकताच मांडलेला, एकही काउंटर नसलेला बॉम्ब चार मॅनाचा लांडगा फुकट मारून टाकायचा, आणि तोच लांडगा माणूस असताना मात्र वाचायचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘शॅडोज ओव्हर इनिस्ट्राड’बरोबर हे बदललं: मागच्या बाजूची मॅना व्हॅल्यू दर्शनी बाजूएवढीच. ‘वस्तू तीच’ हे तत्त्व आधीपासून होतं, ते किमतीलाही लावलं इतकंच. जुन्या नियमाची एक खूण अजून उरली आहे. एखाद्या साध्या क्रीचरनं उलटलेल्या डेल्व्हरची नक्कल केली, तर नकलेची मॅना व्हॅल्यू शून्यच, कारण तिला दर्शनी बाजूच नाही. आणि तसंच, साध्या कार्डानं सुलट्या डेल्व्हरची नक्कल केली तर ती कधीच उलटत नाही. दर टर्नला मंत्र दाखवत राहा, उलटायला मागे काही नाही.

खेळताना बाजू निवडायच्या कार्डांत किमतीचा प्रश्न वेगळ्या वाटेनं आला. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘काल्डहाइम’ हा नॉर्स पुराणांवर बेतलेला संच आला. त्यात ‘वाल्की’ नावाचा देव होता, किंमत दोन मॅना. त्याच्या पाठीमागे ‘टिबॉल्ट’, देवाचं रूप घेतलेला तोतया, किंमत सात. सात मॅना म्हणजे डावाच्या शेवटाकडे परवडणारी चैन. आता खेळात ‘कॅस्केड’ ही जुनी करामत आहे. कॅस्केड असलेला मंत्र टाकला की डेकमधली कार्डं उघडत जायची, आणि त्या मंत्रापेक्षा स्वस्त असं पहिलं कार्ड फुकट टाकायचं. ‘व्हायोलंट आउटबर्स्ट’ हा तीन मॅनाचा कॅस्केड मंत्र. डेकमध्ये तीनपेक्षा स्वस्त असं एकच कार्ड ठेवायचं, वाल्की. कॅस्केड तपासतं तेव्हा कार्ड टेबलाबाहेर आहे, म्हणजे फक्त दर्शनी बाजू, मॅना व्हॅल्यू दोन. उत्तीर्ण. मग ते टाकायचं, आणि टाकताना बाजू निवडायचा हक्क तर कार्डानंच दिलेला. खेळाडू अर्थातच टिबॉल्ट निवडायचे. तिसऱ्या टर्नला सात मॅनाचा राक्षस टेबलावर, फुकटात.

पुन्हा पाहा, यात कुणीही कुठलाही नियम वाकवला नव्हता. दहा दिवसांत, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी, कंपनीनं वाल्कीवर बंदी न घालता कॅस्केडचाच नियम दुरुस्त केला: उघडलेलं कार्ड स्वस्त असून भागणार नाही, प्रत्यक्ष जो मंत्र टाकाल तोही स्वस्त हवा. मला हा निर्णय योग्य वाटतो. वाल्कीवर बंदी घातली असती तर पुढच्या प्रत्येक दुहेरी कार्डाला हीच भोकं पुन्हा बुजवावी लागली असती.

लांडग्यांची गोष्ट तितकी सुखाची नाही. २०११ चे लांडगे आपापले मोजायचे: गेल्या टर्नला कुणीच मंत्र टाकला नाही तर माणसाचा लांडगा, एका खेळाडूनं दोन किंवा जास्त टाकले तर लांडग्याचा पुन्हा माणूस. २०२१ साली ‘मिडनाइट हंट’मध्ये कंपनीनं दिवस-रात्र ही अख्ख्या टेबलाचीच अवस्था केली. एकदा दिवस सुरू झाला की डाव संपेपर्यंत दिवस किंवा रात्र यांपैकी एक असतंच, मग टेबलावर एकही लांडगा उरलेला नसला तरी. सगळे नवे लांडगे एकदम उलटतात, आणि रात्री आलेला लांडगा थेट लांडगा म्हणूनच येतो. कथेच्या दृष्टीनं हे सुंदर आहे. पण हे मोजायचं ओझं आता सगळ्यांवर पडलं. त्यात मोजणीही थोडी निराळी: नवा नियम फक्त ज्याची टर्न होती त्यानं किती मंत्र टाकले ते बघतो. जुन्या लांडग्यांना नवा नियम लागू केला नाही, त्यामुळे दोन्ही पिढ्या एका टेबलावर आल्या की रात्र झालेली असूनही जुना लांडगा माणूसच राहू शकतो.

आणि २०१६ च्या जुलैमधल्या ‘एल्ड्रिच मून’ संचात तर काही पानांची मागची बाजूही पुरी नव्हती. ब्रूना आणि गिसेला या दोन देवदूत बहिणी. प्रत्येकीच्या पाठीवर एका राक्षसी आकृतीचा अर्धा भाग. दोन्ही कार्डं उलटून एकाखाली एक ठेवली की दुप्पट आकाराचं एकच चित्र होतं: ब्रिसेला, ताकद ९, सहनशक्ती १०. याला ‘मेल्ड’ म्हणतात. १९९८ साली एका गमतीच्या संचात दोन कार्डांचा मिळून एक राक्षस छापला होता. त्या थट्टेचा इथे खरा नियम झाला. ब्रिसेला ही टेबलावर एकच वस्तू, पण दोन कार्डांची. तिची मॅना व्हॅल्यू दोघी बहिणींच्या दर्शनी किमतींची बेरीज, ७ अधिक ४. मेली तर एकच क्रीचर मेलं असं मोजायचं, पण ग्रेव्हयार्डमध्ये दोन कार्डं जातात. तिला टेबलावरून उचलून लगेच परत आणणारा मंत्र टाकला तर ब्रूना आणि गिसेला सुट्या, दर्शनी बाजूनं परत येतात.

दोघींचं मीलन व्हायचं तर दोन्ही कार्डं तुमच्या मालकीची आणि तुमच्या ताब्यात हवीत. गिसेलाची करामत टर्नच्या शेवटी बघते, की ब्रूना नावाचं क्रीचर तुमच्याकडे आहे का. असेल तर दोघींना एक्झाइलमध्ये टाकून त्यांची ब्रिसेला करायची. आता समजा, तुमच्याकडे खरी ब्रूना नाही, एखाद्या मंत्रानं तयार केलेलं तिच्या नकलेचं टोकन आहे, म्हणजे कार्डाऐवजी ठेवलेली खूण. नाव ब्रूना, मालकी तुमची, ताबा तुमचा. करामत सुरू होते आणि दोघी एक्झाइलमध्ये जातात. टोकन टेबल सोडताच नाहीसं होतं, मेल्ड करायला दुसरं कार्ड उरत नाही, आणि जे मेल्ड होऊ शकत नाही ते आहे तिथेच राहतं. खरी गिसेला एक्झाइलमध्ये अडकते, आणि तिथून कार्ड परत आणणारे मंत्र फार थोडे आहेत.